ट्रॉलीला टायर घ्यायच्या आधी कारखान्याची पावती काढ

कोरेगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं कापून देतोय.

"काका, घरची चारचाकी ट्रॉली आहे. सीझनला ऊस वाहतो, मार्चपासनं चिंचेखाली उभी आहे. यंदा गावच्या दिंडीचं सामान न्यायचं आमच्याकडं आलंय, गाव ते आळंदी, तिथनं माऊलींच्या सोहळ्यासोबत पंढरपूर आणि मग माघारी. १२० माणसं, त्यांच्या पिशव्या, मंडप, भांडी, शिधा आणि २,००० लिटरची पाण्याची टाकी. चारपैकी दोन टायर बाद झालेत, एकाची साईड फुगलीय, एकाला भेगा पडल्यात. टायर नऊशे-वीस (९.००-२०) साईजचे आहेत, नायलॉन, बाजूला १६ पीआर आणि १४०/१३७ के असं छापलंय. टायरवाला म्हणतो रिमोल्ड घे, भाऊ म्हणतो ट्रकचे उतरलेले हजार-वीस रेडियल स्वस्तात मिळतात, एक मित्र म्हणतो बैलगाडीचे टायर टाक. वडील म्हणतात टायर कुठलेबी टाका पण डांबरी तापतीय, हवा कमी ठेवा. पोरांचं वेगळंच, थकलेल्या माणसांना ट्रॉलीतच बसवू म्हणतात. काय करू? कारखान्याची वजनाची पावती आहे, भरून १४,८६० आणि रिकामी ४,९४०."

अरे बाबा, ती पावती तू शेवटच्या ओळीत सहज टाकलीस पण निम्मं उत्तर तिच्यातच आहे. टायरच्या दुकानात गेल्यावर सगळे कंपनी कुठली आणि रेट काय एवढंच विचारतात, एका टायरवर किती किलो येणार आहेत हे कुणीच विचारत नाही, आणि टायर फुटतो तो या न विचारलेल्या गोष्टीमुळं. तर आधी हिशोब करू.

४,९४० हे ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही मिळून झालं. तुझा ट्रॅक्टर पन्नास एचपीच्या आसपासचा असेल तर डिझेल आणि ड्रायव्हर धरून २,३०० किलो पकडू, नक्की आकडा हवा असेल तर जवळच्या काट्यावर नुसता ट्रॅक्टर चढव, पाच मिनिटाचं काम आहे. म्हणजे रिकामी ट्रॉली झाली २,६४० किलो. ऊस भरल्यावर १४,८६० मधनं ट्रॅक्टर वजा केला की ट्रॉली १२,५६०, आणि चार टायरवर सारखी वाटणी धरली तरी एकावर ३,१४० किलो. आता तुझ्या टायरवर छापलेलं १४०/१३७ बघ. तो लोड इंडेक्स, पहिला आकडा चाक एकेरी असेल तेव्हाचा आणि दुसरा जोडचाकाचा. तुझी चाकं एकेरी म्हणजे १४० धरायचा, आणि १४० चा अर्थ एका टायरला २,५०० किलो. म्हणजे सीझनभर तू एकेका टायरवर ६४० किलो वरून लादत होतास, तेही वाटणी सारखी धरून, ऊस एका अंगाला जास्त भरला गेला तर त्या बाजूचं विचारूच नको. साईड का फुगली याचं उत्तर इथंच मिळालं बघ. कुणी म्हणेल की ट्रॅक्टर काय पंचवीस-तीसच्या वर पळत नाही, मग काय होतंय. स्पीड कमी असला की टायर कंपन्या थोडं जास्त वजन चालवून घेतात हे खरं, पण ते त्यांच्या तक्त्याप्रमाणं आणि हवा त्या हिशोबानं वाढवून. आपल्याकडं वजन तेवढं वाढवतात, तक्ता कुणी बघत नाही.

दिंडीचा हिशोब मात्र वेगळा येतो आणि तो तुझ्या बाजूनं आहे. ट्रॉली २,६४०, पाणी २,००० (एक लिटरला एक किलो, टाकी भरलेली असेल तर), माणशी दहा किलोची पिशवी धरली तर १,२००, आणि मंडपाचे पाईप, ताडपत्र्या, मोठी भांडी, शेगड्या, सिलिंडर, शिधा मिळून दीड टन धरला तर सगळं ७,३४० होतं. चारनं भागलं की एका टायरवर १,८३५. म्हणजे २,५०० च्या टायरला आरामात झेपतंय, मोठा साईज घ्यायची काही गरज नाही, नऊशे-वीस १६ पीआर एकदम बरोबर आहे. आणि ट्रॉलीच्या आरसीवर भरलेलं वजन किती लिहिलंय तेही बघून घे, टायरला झेपतंय म्हणून ट्रॉलीला चालतंय असं नसतं, एक्सल आणि चासीचा पण प्रश्न असतो. (पीआर म्हणजे आत १६ थर असतात असं बरेच जण सांगतात, तसं नाही, तो ताकदीचा आकडा आहे, आत थर कमी असतात.)

आता एकेकाचा सल्ला घेऊ.

मित्राचे बैलगाडीचे टायर पहिल्यांदा बाजूला काढ. त्यांच्यावर ए.डी.व्ही. असं लिहिलेलं असतं, जनावरानं ओढायच्या गाडीसाठी, बैलाच्या चालीला बनवलेले. त्यांची रिम पण १९ ची येते, तुझी २० ची, म्हणजे बसणारच नाहीत. मित्राला चहा पाज आणि विषय संपव.

भावाचे उतरलेले रेडियल हा प्रकार जरा नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण तिथं पैसे वाचल्यासारखे वाटतात. ट्रकवाला टायर उगाच उतरवत नाही. त्यानं तो कुठं कुठं पळवला, किती दिवस कमी हवेवर चालला, आत किती पंक्चर, काहीच कळायला मार्ग नाही. रेडियलच्या आत पोलादी तारा असतात, साईडला बारीक काप गेला की तिथनं पाणी शिरतं, तारा गंजतात आणि वरनं टायर चांगला दिसत राहतो. कमी हवेवर चाललेल्या रेडियलच्या साईडच्या तारा एकेक तुटत जातात, मग एखाद्या दिवशी हवा भरतानाच साईड एका रेषेत चेन उघडल्यासारखी फाटते, आणि तेव्हा समोर हवा भरणारं पोरगं बसलेलं असतं. दुसरी गोष्ट, हजार-वीस हा नऊशे-वीसपेक्षा उंच असतो, दोन चाकं उंच दोन बुटकी अशी ट्रॉली झाली की वजन सारखं पडत नाही. आणि एका एक्सलवर एक नायलॉन एक रेडियल असं तर चुकूनसुद्धा करायचं नाही, दोघांची दबायची पद्धतच वेगळी आहे, ट्रॉली एका अंगाला ओढत राहते.

रिमोल्डबद्दल, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्या टायरबद्दल, माझं मत गावातल्या लोकांपेक्षा वेगळं आहे. रिमोल्ड म्हटलं की लोक नाक मुरडतात पण एसटीची स्वतःची टायर रिमोल्ड करायची केंद्रं आहेत, ज्या एसटीनं आपण आयुष्यभर फिरलो तिच्या मागच्या चाकांना हेच टायर असतात. विमानाच्या टायरवर पण पुन्हा रबर चढवतात. प्रश्न रबराचा नसतो, खालच्या सांगाड्याचा असतो, ज्याला दुकानात केसिंग म्हणतात. केसिंग तुझ्या स्वतःच्या टायरचं असेल, त्याचा इतिहास तुला माहीत असेल, साईड धडधाकट असेल, तर चांगल्या प्लांटमधनं रिमोल्ड करून घ्यायला माझी काही हरकत नाही. पण तुझे दोन्ही केसिंग कामातनं गेलेत. फुगलेला म्हणजे आतली नायलॉनची दोरी तुटलीय, त्याच्यावर सोन्याचं रबर चढवलं तरी तो फुटणारच. आणि भेगावाला वयानं गेलाय. मग टायरवाला जो रिमोल्ड देणार तो कुणाच्या तरी दुसऱ्याच्या केसिंगवर केलेला, कुठला, कधीचा, राम जाणे. उसाला रानातनं कारखान्यापर्यंत पंधरा किलोमीटरला मी एकवेळ गप्प बसलो असतो, पण मागंपुढं माणसं चालत असलेल्या रस्त्यावर नको.

म्हणून माझा सल्ला, दोन नवीन नायलॉन घे, त्याच साईजचे, त्याच पीआरचे, एकाच कंपनीचे, आणि दोन्ही एकाच एक्सलवर टाक. पुढं टाकू का मागं यावर जास्त डोकं लावू नको, सामान भरल्यावर ज्या एक्सलवर वजन जास्त पडतंय, तिथं नवी जोडी टाक. कंपनी कुठली विचारशील, तर एमआरएफ, अपोलो, जेके, सिएट यातला जो तुझ्या भागात वॉरंटीला लगेच दाद देतो त्याचा घे, डीलर बघून घे म्हणजे झालं. बिल मात्र पक्कं घे आणि त्याच्यावर टायरचा नंबर लिहून घे.

घेताना साईडला वाकून तारीख बघायची. अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २२१४ असेल तर २०१४ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात पडून पडून पण टायर म्हातारा होतो, म्हणून "नवीन आहे, स्टिकर बघा की" याला भुलू नको. आणि हे चार आकडे घरी उरलेल्या दोन टायरवर पण बघ, ते तू लिहिलेलेच नाहीत! बऱ्याच कंपन्यांचं म्हणणं असतं की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडनं तपासून घ्यायचा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढायचा. ट्रॉलीचे टायर झिजून मरत नाहीत रे, सहा महिने पळतात आणि सहा महिने उन्हात उभे राहतात, नक्षी तशीच आणि रबर वाळलेलं. अंगठ्यानं साईड दाब, नक्षीच्या खाचेत नख घाल, भेगेच्या आत दोरी दिसली तर तो पण बाद, मग दोन नाही चार घ्यावे लागतील, आणि वर्गणीचे पैसे कमी पडत असतील तर मंडळात स्पष्ट सांग, सामान सगळ्यांचंच आहे.

जे दोन ठेवायचे ते एकदा रिमवरनं उतरवून आतनं बघच. हे कुणी करत नाही. टायर उघडल्यावर आतनं काळी भुकटी पडली, दळलेल्या कोळशासारखी, तर समज तो कधीतरी कमी हवेवर बराच चाललाय आणि आतलं रबर घासून घासून निघालंय. मग आत हात घालून साईडवरनं गोल फिरव, कुठं खरखरीत लागतंय का, दोरी हाताला लागते का, फुगवटा आहे का. ट्यूबला घड्या पडल्यात का, फ्लॅपच्या (ट्यूब आणि रिमच्या मधल्या रबरी पट्टीच्या) कडा कडक होऊन चिरल्यात का. हे पाच मिनिटात कळतं आणि बाहेरनं दहा वर्षं बघत बसलास तरी कळणार नाही. नवीन टायरला ट्यूब आणि फ्लॅप नवीनच घे, जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात घडी पडते आणि घडीवरच फाटते.

रिमचं एक सांगतो आणि हे जिवाशी खेळ आहे म्हणून लांबण लावतोय. २० च्या रिमला लॉक रिंग असते, टायर रिमवर अडकवून ठेवणारं लोखंडी कडं. ती गंजली असेल, वाकली असेल, दुसऱ्या रिमची आणून बसवली असेल तर हवा भरताना उडते, आणि उडाली की समोरच्याला वाचवायला कुणी नाही. पंक्चरवाल्याकडं पिंजरा असेल तर पिंजऱ्यातच भरायला सांग, नसेल तर निदान चाकाला साखळी गुंडाळून, लांब पाईप लावून, रिंगच्या समोर उभं न राहता भर. पोरं चाकावर पाय ठेवून गप्पा मारत उभी असतात, त्यांना हाकल.

आता वडिलांच्या हवेकडं येऊ. त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग की हे उलटं आहे. उन्हानं हवा वाढते हे खरं, शंभर पाउंडाच्या टायरात तापमान दहा अंशानं वाढलं तर साधारण चार पाउंड वाढतात, आणि कंपनीनं ते धरूनच टायर बनवलेला असतो. पण हवा कमी ठेवली की साईड जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते, सरळ होते, आणि नऊशे-वीसचे किलोमीटरला तीनशेच्या वर फेरे होतात. बाइंडिंगची तार हातात धरून मागंपुढं वाकवत बसलास की ती कशी गरम होते आणि तुटते, तेच आत चालू असतं. उन्हापेक्षा ही आतली गरमी टायरला मारते. म्हणून टायरवर त्या वजनाला जी हवा छापलीय ती, सकाळी गार टायरवर, आणि रस्त्यात गरम असताना वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही, गार झाल्यावर ती आपोआप खाली येते आणि मग तू कमी हवेवर निघालेला असतोस. जास्त भरूनही फायदा नाही, टायर कडक होतो, खड्ड्याचा दणका दोरीवर बसतो आणि नक्षी मधोमध झिजते. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकायची पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखायला ठीक आहे, वीस पाउंड कमी असलेला नुसत्या आवाजावरनं कुणालाच ओळखू येत नाही. स्वतःचं गेज घे, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेव, पंक्चरवाल्याचं गेज कधी तपासलंय ते त्यालाही आठवत नसतं.

निघायच्या आधी चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरव. घरघर आवाज, वर-खाली हललं तर बेअरिंग. ग्रीस बदल, सील बदल. नट एकाआड एक समोरासमोरचे आवळ, गोल फिरत आवळू नको, चाक तिरकं बसतं. आणि चाक बसवल्यावर पन्नास-एक किलोमीटरनं थांबून पुन्हा आवळायचे, हे लोक हमखास विसरतात, नवीन बसवलेलं चाक थोडं बसतंच आणि नट ढिले होतात. तुझ्या बाबतीत ते ठिकाण लोणंदच्या आसपास येईल, तिथं नाष्ट्याला थांबशील तेव्हा पाना आधी आणि मिसळ नंतर. त्याच वेळी हाताची मागची बाजू हबजवळ न्यायची, एकदम टेकवायची नाही. तुझ्या ट्रॉलीला ब्रेक नसणारच, तेव्हा हब फार तापायचं कारणच नाही, चारपैकी एक जास्त गरम लागला तर तिथलं बेअरिंग कोरडं आहे नाहीतर जास्त आवळलंय.

रस्त्याचं बोलू. कोरेगाव, वाठार, साल्पे घाट, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट असा तू जाणार असं धरतोय, सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे ट्रॅक्टरनं अख्खा दिवस. यातले दोन्ही घाट तुला जाताना उतरायचे आहेत. तर पहिली गोष्ट, टाकी गावात भरू नको! तिकडं पाणी मिळतंय, आळंदीत भर. दोन टन वजन दोन घाट उगाच उतरवून न्यायचं कशाला. टाकी रिकामी असली की भरलेली ट्रॉली ५,३४० वर येते. आणि न्यायचीच वेळ आली, पुढं मुक्कामा-मुक्कामाला, तर शक्यतो पूर्ण भरून नाहीतर पूर्ण रिकामी. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, वळणावर सगळं पाणी एका अंगाला जातं आणि ब्रेक मारला की पुढं येऊन आदळतं. टाकी ट्रॉलीच्या मध्यावर ठेव, फाळक्याला टेकवून नको, चारी बाजूनं बेल्टनं बांध, सुतळीनं नाही. जड भांडी आणि सिलिंडर खाली, पिशव्या वर. सिलिंडर उभे आणि बांधलेले. मागं वजन जास्त झालं की ट्रॉली शेपूट हलवायला लागते, ते एकदा सुरू झालं की ब्रेक मारून थांबत नाही, ॲक्सिलेटर हळू सोडून द्यायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं.

उताराला एवढं लक्षात ठेव की मागं पाच-सात टन आहेत, त्याला ब्रेक नाही, आणि पुढं तुझा सव्वादोन टनाचा ट्रॅक्टर एकटा सगळं अडवणार आहे. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी, वर सपाटीवरच, खालचा गिअर टाक आणि तोच ठेव. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे बरेच आहेत, क्लच दाबून सोडणारे त्याहून जास्त, दोन्हीत इंजिनाची पकड सुटते आणि ट्रॉली ढकलायला लागते. ब्रेकचे डावा-उजवा दोन पॅडल एकमेकाला लॉक केलेत का ते गाव सोडायच्या आधी बघ, रानात वळायला सुटे ठेवतात आणि तसेच डांबरीवर येतात, मग घाटात जोरात ब्रेक मारला की एकच चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागनं ट्रॉली त्याच्यावर येते. पंढरपूरहून म्हसवड, दहिवडी, पुसेगाव असा माघारी येताना वर्धनगडचा घाट आहेच, तोपर्यंत तो तुला ओळखीचा म्हणून सोपा वाटेल, तिथं पण हेच.

जोडणीची पिन बघ. झिजून मधे कंबर पडलेली पिन अजून चालवतात लोक. नवीन घे, भोकाच्या मापाची, आणि खाली क्लिप पाहिजे, खिळा वाकवून नाही, तार पिळून नाही. शिवाय सेफ्टी चेन, दांडीपासनं ट्रॅक्टरला, म्हणजे पिन गेलीच तर ट्रॉली दिंडीत घुसणार नाही. आणि दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच लाव. वर टॉप लिंकच्या जागेला अडकवलेल्या ट्रॉल्या मी बघितल्यात, चढाला जोर लागला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, आणि उलटा पडायला फार वेळ लागत नाही.

मागं दिवे. आपल्याकडं ट्रॉलीच्या फाळक्यावर आई-वडिलांचा आशीर्वाद, गावाचं नाव, पाटलांचा नाद आणि मोर एवढं सगळं रंगवायला पैसे असतात आणि शंभर-दोनशेचा रिफ्लेक्टर लावायचा म्हटलं की उद्या बघू. मागं लाल, बाजूला पिवळा, पुढं पांढरा, पट्टी सलग लाव आणि रोज फडक्यानं पुस, पावसात चिखलानं ती दोन तासात दिसेनाशी होते. टेल लॅम्प, इंडिकेटर चालू पाहिजेत. आणि अंधारात हलवायची नाही. सोहळ्यात एका दिवसाचा टप्पा बहुतेक दहा-वीस किलोमीटरचाच असतो, पहाटे उजाडल्यावर निघून पुढच्या मुक्कामाला लागलं की दिवसभर स्वयंपाकच करायचाय.

पोरांचं, म्हातारी माणसं ट्रॉलीत बसवायचं. नाही. हे एका शब्दात नाही. ट्रॉली मालाची आहे, माणसं बसवायला परवानगी नाही, काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, आणि सिलिंडर, पाईप, पाण्याच्या टाकीच्या मधे बसलेल्या माणसाचं एका खड्ड्यात काय होईल ते मी लिहीत बसत नाही. ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, बायांना अर्धं तिकीट, ज्याला एक टप्पा चालणं होत नाही त्याला पुढच्या मुक्कामाला एसटीनं पाठवा नाहीतर मंडळानं एखादी जीप ठरवावी. विम्यावरनं आठवलं, पॉलिसी काढून बघ, तिच्यावर ट्रॅक्टरसोबत ट्रॉलीचा नंबर आहे का. बऱ्याच जणांनी नुसत्या ट्रॅक्टरचीच भरलेली असते.

बरोबर काय न्यायचं तर तयार स्टेपनी, म्हणजे हवा भरलेली, नुसता टायर नाही. दहा टनी बाटली जॅक, त्याच्याखाली टाकायला जाड फळी, पावसाळ्यात मुक्कामाच्या रानात जॅक मातीत रुततो. लांब पाईपचा पाना. चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे, रस्त्यावरचे दगड नको, ते लोक तसेच डांबरीवर सोडून जातात आणि मागनं मोटरसायकलवाला पडतो.

आणि आत्ता, आज संध्याकाळी, ती चिंचेखालची ट्रॉली चारी बाजूनं ठोकळ्यावर घे. मार्चपासनं एकाच जागी उभी म्हटल्यावर टायरला खाली चपटा डाग पडला असणार, नायलॉनला तो लवकर पडतो. थोडं चालवल्यावर बऱ्याचदा निघून जातो, म्हणून नवी जोडी बसवली की निघायच्या आठवडाभर आधी ट्रॉली गावातच रिकामी फिरव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लाव. रात्रीत हवा उतरली असेल तर व्हॉल्व्ह नाहीतर ट्यूब, ते गावात कळलेलं बरं.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, चालवणार कोण? तू एकटाच असशील तर दुसरा लायसनवाला माणूस आत्ताच ठरव. जाताना सगळे ताजेतवाने असतात, पण माघारी यायच्या वेळी गोपाळपूरचा काला उरकला की सगळ्यांना घरची ओढ लागते आणि रात्रीच निघू म्हणतात, तेव्हा चालवणाऱ्याची इतक्या रात्रींची झोप राहिलेली असते. रात्री निघायचं नाही हे मंडळाच्या बैठकीत आधीच वदवून घे, आणि सकाळी निघताना हवा, नट, पिन तिन्ही परत बघ, कारण इतके दिवस रोज कुणी ना कुणी ती पिन काढून घातलेली असते.